हरणाच्या शिकारीसाठी शॉटगन: आधी नळी, मग स्लग, मग दुर्बीण

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये किंवा न्यू जर्सीत राहायला आलेल्या मराठी माणसाला कधी ना कधी शेजारी किंवा ऑफिसातला सहकारी विचारतो, "या वर्षी आमच्याबरोबर हरणाच्या शिकारीला येणार का?" भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात बंदुकीची माहिती देणारं कुणी नसतं. इथे व्हाइटटेल हरणांची संख्या मोठी आहे. शेतीचं नुकसान आणि रस्त्यावरच्या धडका ही रोजची बाब आहे, आणि परवान्याने होणारी शिकार हा राज्याच्या वन्यजीव खात्याच्या नियोजनाचाच भाग असतो. बंदुका आणि काडतुसांवरचा अबकारी कर १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार याच कामाला जातो.

हा लेख अशा पहिल्यांदाच उतरणाऱ्यासाठी आहे. दुकानात गेल्यावर समोर काडतुसांचे वीस प्रकार आणि दुर्बिणींचे चाळीस प्रकार मांडलेले असतात, आणि नवा माणूस नेमका उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी दुर्बीण आवडते, मग बॉक्सवर हरणाचं चित्र असलेलं महागडं काडतूस घेतलं जातं, आणि हातात असलेल्या नळीला ते मानवतं का हा प्रश्न शेवटी येतो. क्रम याच्या उलट हवा. नळीवरून स्लग (शॉटगनमधून झाडायची एकच जड गोळी) ठरतो, स्लगवरून अंतर ठरतं आणि अंतरावरून दुर्बीण ठरते.

बंदुकीला हात लावण्याआधी

पहिला मुद्दा व्हिसाचा, कारण तो आपल्याच लोकांना लागू होतो. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला सरसकट बंदी आहे. त्याला काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. तो संपला की अपवादही संपतो, आणि त्या दिवशी कपाटात पडलेलं काडतूससुद्धा गुन्हा ठरू शकतं. खरेदीच्या वेळी भराव्या लागणाऱ्या फॉर्म ४४७३ वर हा प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. व्हिसावर असाल तर इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलून घ्याच. सहकाऱ्याच्या सांगण्यावर यात विसंबू नका.

दुसरी गोष्ट हंटर एज्युकेशनचा कोर्स. बहुतेक राज्यांत पहिला परवाना मिळण्यासाठी तो लागतो, आणि लागत नसता तरी करा असंच मी सांगेन. तिसरी गोष्ट राज्याचे स्वतःचे कागद. इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड (बंदूक बाळगणाऱ्याचं ओळखपत्र) लागतं, न्यू जर्सीत फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड. हे मिळायला वेळ लागतो, म्हणून नोव्हेंबरच्या शिकारीचा विचार उन्हाळ्यातच सुरू करायचा.

शॉटगनच का?

सपाट शेतीचा मुलुख, मैलागणिक घरं आणि रस्ते, अशा ठिकाणी रायफलीची गोळी फार लांब जाते ही चिंता असते. म्हणून बऱ्याच राज्यांनी हरणासाठी शॉटगन आणि एकच जड गोळी, म्हणजे स्लग, एवढ्यालाच वर्षानुवर्षं परवानगी दिली. आता चित्र थोडं बदललं आहे. ओहायोत २०१४ पासून सरळ भिंतीच्या (मान निमुळती नसलेल्या) काडतुसांच्या ठरावीक रायफली चालतात, इंडियाना आणि आयोवानेही तशी वाट मोकळी केली, आणि इलिनॉयने २०२३ पासून एकबारी रायफलींना मुभा दिली. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र हरणासाठी बंदूक म्हणजे शॉटगन किंवा तोंडाकडून भरायची बंदूक, एवढंच. नियम दर वर्षी थोडेथोडे बदलतात, तेव्हा त्या वर्षीची राज्याची पुस्तिका स्वतः वाचा. ओहायोत हरणावर छर्रे चालत नाहीत, स्लगच लागतो, आणि बंदुकीत एकूण तीनच काडतुसं राहतील असं बूच मॅगझिनमध्ये बसवावं लागतं. अशा गोष्टी तिथेच सापडतात.

स्लग लवकर खाली पडतो म्हणून तो निर्धोक आहे, असं मात्र समजू नका. पेनसिल्वेनियाच्या विधिमंडळासाठी २००७ साली झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की बंदूक जमिनीशी समांतर धरून झाडलेला स्लग जमिनीवर आपटून उसळतो आणि त्या उसळीने रायफलीच्या गोळीपेक्षाही पुढे जाऊ शकतो. हरणामागे मातीचा चढ किंवा बांध दिसत नसेल, तर चापावर बोट ठेवायचं नाही. मचाणावरून मारताना गोळीचा रोख खाली जमिनीकडे असतो. सपाट मुलुखात मचाणाचा हा फायदा मोठा आहे.

पायरी १: आपली नळी ओळखा

आपल्याकडे "बारा बोअर" म्हणतात तीच ही १२ गेज. नळीचा आतला व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो. २० गेजचा सुमारे १५.६. आकडा मोठा झाला की नळी लहान होते, कारण हा आकडा म्हणजे नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या गोळ्या एका पौंडात किती बसतील त्याची संख्या.

गेज आणि काडतुसाची लांबी नळीवरच कोरलेली असते. पावणेतीन इंच (२¾) किंवा तीन इंच असं लिहिलेलं असेल. तीन इंचांच्या नळीत पावणेतीनचं काडतूस चालतं, उलट चालत नाही. इथेच एक गोष्ट कायमची मनात कोरून ठेवा: घरात १२ आणि २० अशा दोन्ही बंदुका असतील तर काडतुसं कधीही एका खिशात, एका डब्यात, एका पिशवीत ठेवू नका. २० चं काडतूस १२ च्या नळीत पुढे सरकून अडकतं, नळी रिकामी वाटते, वरून १२ चं भरलं जातं आणि चाप ओढताच नळी हातात फुटते. याच कारणासाठी २० गेजची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात.

आता नळीच्या आत उजेड धरून बघा. (बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहून, बोल्ट उघडा ठेवून.) आत आरशासारखी गुळगुळीत असेल तर ती पक्ष्यांच्या शिकारीची साधी नळी. मळसूत्रासारखे आटे फिरत गेलेले दिसले तर ती रायफल्ड नळी, खास स्लगसाठी केलेली. तिसरा प्रकार मधला: नळी गुळगुळीत, पण तोंडाशी आटे असलेला चोक (नळीच्या तोंडाला लावायचा छोटा तुकडा) पिळून बसवलेला.

मॉसबर्ग ५०० किंवा रेमिंग्टन ८७० सारख्या पंप बंदुकांचा (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरतात त्या) एक मोठा गुण म्हणजे नळी काढून दुसरी बसवता येते. एकच बंदूक ठेवायची, पक्ष्यांसाठी साधी नळी आणि हरणासाठी रायफल्ड नळी वेगळी घ्यायची. सेकंड-हँड बंदूक मिळाली असेल तर हा मार्ग सगळ्यांत स्वस्त पडतो. नवीनच घ्यायची आणि फक्त हरणासाठीच हवी असेल, तर सॅव्हेज २२० ही २० गेजची बोल्ट-ॲक्शन बंदूक माझी पहिली शिफारस. नळी पक्की बसलेली, आटे दर २४ इंचांना एक फेरा, आणि नेम असा की शॉटगन म्हणवत नाही.

१२ की २०? नवख्याने २० घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. १२ गेजच्या पूर्ण ताकदीच्या स्लगचा खांद्याला बसणारा धक्का .३०-०६ रायफलीपेक्षा जास्त असतो. त्या धक्क्याच्या भीतीने माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, खांदा आक्रसतो आणि गोळी कुठेतरी जाते. ही सवय एकदा लागली की मोडायला फार कष्ट पडतात. २० गेजचा २५० ग्रेनचा (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) सॅबोट स्लग, ज्याची माहिती पुढे येईल, १८०० फूट प्रति सेकंदाने निघाला तर सुमारे १८०० फूट-पौंड ऊर्जा घेऊन जातो. हरणाच्या छातीतून आरपार जायला ती भरपूर आहे.

पायरी २: नळीला मानवेल असा स्लग

सगळा गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

पहिला प्रकार फॉस्टर स्लग. कार्ल फॉस्टर यांनी १९३१ साली तो बनवला. दुकानात तो "रायफल्ड स्लग" म्हणून मिळतो, आणि या नावानेच नवखा फसतो: रायफल्ड स्लग असतो गुळगुळीत नळीसाठी. मऊ शिशाचा, पुढून भरीव, मागून पोकळ. वजन पुढे असल्यामुळे तो सरळ जातो. बाहेरच्या तिरप्या रेघांमुळे तो फिरतो असं अनेक जण सांगतील, पण त्यामुळे म्हणावा असा फेर मिळत नाही. त्या रेघांचं काम म्हणजे चोकमधून जाताना शिशाला दबायला जागा देणे. १२ गेजमध्ये नेहमीचा स्लग एक औंसाचा, म्हणजे ४३७.५ ग्रेनचा, आणि वेग १६०० फुटांच्या आसपास.

दुसरा ब्रेनेके. जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये याची रचना केली. हा भरीव असतो आणि मागे एक गादी (वॅड) चिकटलेली असते. गोळीबरोबर ती गादीही शेवटपर्यंत जाते आणि शेपटीसारखी गोळीला सरळ ठेवते. शिसं कडक असल्यामुळे तो खोल शिरतो. गुळगुळीत नळीत तो उत्तम चालतो. रायफल्ड नळीत चालेल का, हे त्या-त्या बॉक्सवर लिहिलेलं असतं.

तिसरा सॅबोट. यात गोळी नळीपेक्षा बारीक असते, १२ गेजमध्ये साधारण अर्ध्या इंचाची, आणि तिच्याभोवती प्लॅस्टिकचं वेष्टन असतं. नळीतले आटे त्या प्लॅस्टिकला धरून फिरवतात, बाहेर पडताच वेष्टन गळून पडतं आणि गोळी रायफलीच्या गोळीसारखी स्वतःभोवती फिरत पुढे जाते. हॉर्नाडीचा ३०० ग्रेनचा एसएसटी १२ गेजमध्ये २००० फूट प्रति सेकंद, रेमिंग्टन ॲक्यूटिप ३८५ ग्रेनचा १८५० फूट. शिशाऐवजी तांब्याच्या गोळ्याही मिळतात. मांसात शिशाचे कण नको असतील, किंवा राज्याने शिशावर बंदी घातली असेल (कॅलिफोर्नियात २०१९ पासून आहे), तर त्या घ्याव्यात.

आता जोड्या. गुळगुळीत नळीत फॉस्टर किंवा ब्रेनेके, आणि चोक "सिलिंडर" किंवा "इम्प्रूव्ह्ड सिलिंडर" (तोंड फारसं न आवळणारे). फुल किंवा टर्की अशा तोंड घट्ट आवळणाऱ्या चोकमधून स्लग झाडू नका. नेम बिघडतो आणि चोकचं नुकसान होऊ शकतं. रायफल्ड नळीत सॅबोट. गुळगुळीत नळीत सॅबोट झाडणं म्हणजे पैसे पाण्यात. फेर न मिळाल्यामुळे गोळी हवेत कोलांट्या घेते, ५० यार्डांवर कागदावर आडवी आपटलेली दिसते. रायफल्ड नळीत फॉस्टर झाडला तर तो जातो, जवळच्या अंतरावर बराही लागतो, पण मऊ शिसं आट्यांत भरत जातं आणि काही गोळ्यांनंतर नेम पसरतो. मग तांब्याचा ब्रश घेऊन संध्याकाळ घालवावी लागते. रायफल्ड चोक असेल तर सॅबोट आणि ब्रेनेके दोन्ही झाडून बघा आणि ज्याच्या गोळ्या एकमेकींच्या जवळ पडतील ते ठेवा.

किमतीचा फरक मोठा आहे. फॉस्टरच्या पाच काडतुसांचा बॉक्स साधारण सात ते दहा डॉलरला मिळतो, सॅबोटचा पंधरा ते पंचवीसला. म्हणून लोक एकच सॅबोट बॉक्स घेतात, त्यातल्या तीन गोळ्यांत दुर्बीण लावतात आणि उरलेल्या दोन घेऊन रानात जातात. हे करू नका. हौस परवडत असेल तर तिचा खर्च सरावावर व्हायला हवा, दुर्बिणीवर नंतर.

कोणता ब्रँड? याचं उत्तर तुमची नळीच देईल. एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी बनलेल्या दोन नळ्यांना वेगवेगळे स्लग आवडतात, हे इथल्या कुठल्याही जुन्या शिकाऱ्याला विचारा. सुरुवातीला तीन वेगवेगळ्या स्लगचे एकेक बॉक्स घ्या: एक हलका-वेगवान, एक जड-सावकाश, एक मधला. सगळे एकाच गेजचे आणि नळीवर लिहिलेल्या लांबीत बसणारे. जो जिंकेल त्याचे पाच-सहा बॉक्स एकाच लॉट नंबरचे घेऊन ठेवा. तीन इंचांचं मॅग्नम घेण्याची गरज सहसा पडत नाही. धक्का वाढतो, हरणाला फरक कळत नाही.

अंतर किती?

व्हाइटटेलच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग साधारण आठ इंच व्यासाचा धरतात. जेवणाची कागदी डिश यापेक्षा जराशीच मोठी असते. तेव्हा नियम साधा ठेवा: ज्या अंतरावरून तुमच्या सगळ्या गोळ्या, एक-दोन सोडून नव्हे, त्या आठ इंचांत पडतात, तेवढं तुमचं अंतर. बॉक्सवर २०० यार्ड छापलेलं असलं तरी.

गुळगुळीत नळी, फॉस्टर आणि नळीवरची एकच माशी (नेम धरायचा मणी) असेल तर बहुतेकांसाठी हे अंतर ५० यार्ड असतं. त्याच बंदुकीवर चांगली साइट किंवा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारं साधन) लावला की ७५. रायफल्ड नळी, सॅबोट आणि दुर्बीण असेल तर १२५ ते १५० यार्ड, तेही टेकून मारताना. यापुढे गोळी फार झपाट्याने खाली येते. ५० यार्डांवर लावलेला फॉस्टर १०० यार्डांवर पाच-सहा इंच खाली लागतो. ताशी १० मैलांचा आडवा वारा त्याला तिथे आठेक इंच बाजूला ढकलतो, वेगवान सॅबोटला दोन-तीन इंच.

डोळ्यांनी अंतर मोजण्यावर भरवसा ठेवू नका. पहाटेच्या धुक्यात आणि मोकळ्या मक्याच्या शेतात ९० यार्ड १५० वाटतात आणि १५० यार्ड ९०. लेझर रेंजफाइंडर घ्या. मचाणावर बसलात की उजेड होताच आसपासची झाडं, कुंपणाचा खांब, ओढ्याचा काठ मोजून ठेवा. हरीण आल्यावर मोजायला वेळ नसतो.

पायरी ३: दुर्बीण

अंतर ठरलं की दुर्बिणीचा निम्मा प्रश्न सुटतो. १५० यार्डांच्या आतल्या कामासाठी फार मोठं दाखवणारी दुर्बीण अडचण करते. झाडीत २५ यार्डांवर हरीण उभं राहिलं आणि दुर्बीण नऊपटीवर असेल, तर भिंगात नुसती तपकिरी लव दिसते, तो खांदा आहे की पुठ्ठा ते कळत नाही. म्हणून खालचा आकडा महत्त्वाचा. १.५-४.५ पट किंवा २-७ पट हे शॉटगनला अगदी योग्य. ३-९×४० (३ ते ९ पट, पुढचं भिंग ४० मिलिमीटर) सगळीकडे स्वस्त मिळते आणि रायफल्ड नळीवर चालूनही जाते, फक्त रानात फिरताना ती कायम ३ वर ठेवायची.

आकड्यांपेक्षा तीन गोष्टींकडे मी जास्त लक्ष देईन.

पहिली आय रिलीफ, म्हणजे मागचं भिंग आणि डोळा यांच्यामधलं अंतर. स्लगचा धक्का बंदूक मागे ढकलतो आणि कमी आय रिलीफची दुर्बीण भुवईवर अर्धचंद्र कोरते. साडेतीन इंचांपेक्षा कमी घेऊ नका, चार इंच असेल तर उत्तम. थंडीत जाड जॅकेट घातलं की बंदूक खांद्यावर थोडी पुढे बसते, तेव्हा दुकानात बघताना जॅकेट घालूनच बघा. हरणाच्या मोसमात टी-शर्टवर कुणी नसतं.

दुसरी पॅरॅलॅक्स. डोळा भिंगाच्या मध्यावरून जरा सरकला की आतली नेमाची फुलीही लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. ठरावीक एका अंतरावर मात्र हा दोष राहत नाही. रायफलीच्या दुर्बिणी बहुधा १०० किंवा १५० यार्डांना जुळवलेल्या असतात, शॉटगनच्या ५० किंवा ७५ यार्डांना. आपल्या अंतराला दुसरी जवळची. डोळा दर वेळी एकाच जागी ठेवायची सवय असेल तर फरक छोटा आहे, पण दोन सारख्या किमतीच्या दुर्बिणींत निवडायचं असेल तर शॉटगनची घ्या.

तिसरी उजेड. बऱ्याच राज्यांत सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकारीला परवानगी असते, आणि हरणं नेमकी त्याच कडांना हलतात. पुढच्या भिंगाचा व्यास पटीने भागला की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाची रुंदी मिळते. ३२ मिलिमीटर भिंग ४ पटीवर ठेवलं तर ८ मिलिमीटर, ८ पटीवर ४ मिलिमीटर. अंधारात माणसाची बाहुली साधारण सात मिलिमीटरपर्यंत उघडते, म्हणजे संध्याकाळी पट कमी केली की चित्र उजळ दिसतं. ५० मिलिमीटरच्या जाड दुर्बिणीची गरज नाही. ती उंच बसवावी लागते आणि गाल दस्त्यावरून उचलावा लागतो.

आत फुली साधी, जाड बाहूंची डुप्लेक्स असावी. ठरावीक काडतुसासाठी अंतराच्या गोल खुणा असलेल्या फुल्या मिळतात, पण तुमचं काडतूस त्याच वेगाचं नसेल तर त्या खुणा चुकीचं अंतर सांगतात. गुळगुळीत नळी आणि दाट झाडी असेल, तर मी दुर्बिणीऐवजी रेड डॉट लावेन. दोन्ही डोळे उघडे राहतात, डोळ्याच्या जागेचा प्रश्न राहत नाही. फक्त नवीन बॅटरी खिशात ठेवायची. किमतीचं म्हणाल तर फार स्वस्तातली दुर्बीण स्लगच्या धक्क्याने आतून निखळते आणि दोष गोळीला दिला जातो. शॉटगनच्या धक्क्याची हमी लिहून देणारी, आयुष्यभराची वॉरंटी असलेली मधल्या किमतीची घ्या.

बसवायची कुठे?

पंप बंदुकीत नळी काढता येते, म्हणजेच ती बंदुकीच्या अंगात (रिसीव्हरमध्ये) अगदी किंचित हलतेही. दुर्बीण अंगावर बसवली आणि नळी हलली, तर दोघींची दिशा वेगळी होते. यावरचा चांगला उपाय कँटिलिव्हर नळी: नळीलाच एक पट्टी वेल्ड केलेली असते, ती मागे अंगावर येते आणि दुर्बीण तिच्यावर बसते. नळी जिकडे जाईल तिकडे दुर्बीण जाते. नळी काढून पुन्हा लावली तरी नेम बराचसा टिकतो. अंगाच्या खिळ्यांत अडकणारं खोगीर-माउंट शेवटचा पर्याय. बोल्ट-ॲक्शनमध्ये हा प्रश्न नाही.

स्क्रू बसवताना तेल पुसून टाका, बेसच्या (दुर्बिणीखालच्या पट्टीच्या) स्क्रूंना निळ्या रंगाचा थ्रेडलॉकर लावा (लाल नको, तो निघत नाही), आणि टॉर्क स्क्रूड्रायव्हरने कंपनीने दिलेल्या मापापर्यंतच आवळा. रिंगच्या (दुर्बीण धरणाऱ्या कड्यांच्या) स्क्रूंना ते बहुधा १५ ते १८ इंच-पौंड असतं. हाताच्या अंदाजाने आवळलं की एकतर सुटतं नाहीतर दुर्बिणीची नळी चेपते.

पायरी ४: नेम लावणे

रेंजवर कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही. डोळ्यांना चष्मा. पुढे वाळूची पिशवी, दस्त्याखाली छोटी पिशवी, खांद्यावर जाड पॅड. पिशवी नळीखाली ठेवू नका, पुढच्या लाकडाखाली ठेवा.

सुरुवात २५ यार्डांवर, मोठ्या कागदावर. दुर्बिणीवरची नेमाची चकती एक टिचकी फिरवली की नेम १०० यार्डांवर पाव इंच सरकतो, म्हणजे ५० यार्डांवर एक अष्टमांश इंच आणि २५ वर एक सोळांश. २५ यार्डांवर गोळी दोन इंच खाली लागली तर ३२ टिचक्या वर. हा हिशेब नवखे विसरतात आणि आठ टिचक्या फिरवून परत झाडतात, परत फिरवतात, महागडी काडतुसं संपतात.

कागदावर आलात की ५० यार्डांवर जा. एका गोळीवरून काहीही फिरवायचं नाही. तीन गोळ्या, त्यांचा मध्य काढायचा, मग टिचक्या. मध्ये नळीला गार होऊ द्या, हात लावून कोमट वाटेपर्यंत थांबा. तापलेल्या नळीचा नेम सरकतो आणि रानात तुमची पहिली गोळी गार नळीतूनच जाणार असते. एका बैठकीत दहा-बारा स्लगच्या पुढे जाऊ नका. खांदा दुखायला लागला की तुम्ही नकळत चाप झटकू लागता.

फॉस्टर असेल तर ५० यार्डांवर नेमका मध्य लावा आणि तिथेच थांबा. वेगवान सॅबोट १०० यार्डांवर दोन-अडीच इंच वर लावा, म्हणजे १४०-१५० यार्डांपर्यंत मध्यावर धरून मारता येतं. गोळी किती खाली येते याचं छापील कोष्टक असलं तरी शक्य असेल तर १२५ वर स्वतः झाडून बघा.

आता टेबल सोडा. आठ इंचांच्या कागदी डिशवर बसून, गुडघा टेकून, झाडाला टेकून मारून बघा. टेबलावर सगळ्या गोळ्या दोन इंचांत पाडणारा माणूस बसून मारताना सात इंचांवर जातो, आणि अंतराचा तुमचा आकडा तोच धरायचा.

मोसमाच्या आधी

बंदूक गाडीत, मचाणावर, झाडाच्या ढोलीत कुठेही आपटली असेल तर एक गोळी झाडून तपासल्याशिवाय रानात जाऊ नका. स्क्रूचं डोकं आणि बेस यांच्यावरून नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय हे लगेच कळतं. नारंगी जॅकेट आणि टोपी आत्ताच घ्या, राज्य किती चौरस इंच मागतं ते पुस्तिकेत असतं. इलिनॉयमध्ये ४०० चौरस इंच आणि टोपी.

ओहायोचा बंदुकीचा आठवडा थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो, इलिनॉयमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शुक्रवारपासून तीन दिवस आणि नंतरच्या गुरुवारपासून चार. त्याआधी दोन आठवडे एका थंड सकाळी, जॅकेट घालून, रात्रभर गार पडलेल्या नळीतून, जिंकलेल्या लॉटमधली एकच गोळी ५० यार्डांवर झाडा. ती जागच्या जागी लागली तर दुर्बिणीला पुन्हा हात लावू नका, उरलेली काडतुसं त्याच बॉक्समध्ये बाजूला ठेवा. दोन इंचांहून जास्त सरकली असेल तर आधी रिंग आणि बेसचे स्क्रू तपासा, मग तीन गोळ्या.